अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांच्या प्रवेशासाठी हायस्कूलचा हिशेब कसा मांडावा

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की, ज्यांची मुले सातवी-आठवीत आहेत अशा पालकांचे बोलणे थोड्याच वेळात एका प्रश्नावर येते: घर कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे कोणत्या सार्वजनिक शाळांच्या हद्दीत, घ्यावे? या प्रश्नामागे दोन परस्परविरोधी समजुती असतात. एका समजुतीनुसार नामांकित हायस्कूल मिळाले की आयव्ही लीगचा, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ नामांकित विद्यापीठांचा, अर्धा रस्ता संपला. दुसरीनुसार अशा शाळेत हुशार मुलांची इतकी दाटी असते की आपले मूल तिथे झाकोळून जाते, म्हणून साध्या शाळेत जाऊन पहिला क्रमांक मिळवणे शहाणपणाचे. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण कोणत्याही एकीच्या भरवशावर तीस वर्षांचे गृहकर्ज काढावे इतके नाही. निवडक, म्हणजे अर्जदारांतल्या थोड्यांनाच घेणाऱ्या, कॉलेजात अर्ज वाचणाऱ्यासाठी शाळा ही मुख्यतः मोजपट्टी असते: शाळेने काय उपलब्ध करून दिले होते आणि विद्यार्थ्याने त्यातले किती घेतले व कसे पेलले, हे त्याला पाहायचे असते. ही मोजपट्टी आपल्या शाळेच्या बाबतीत नेमकी कशी दिसते, ती केव्हा तपासावी आणि तिच्या आधारे कोणते निर्णय घ्यावेत, याचा विचार येथे केला आहे.

शाळा स्वतःविषयी काय कळवते

हजाराहून अधिक कॉलेजांना चालणाऱ्या कॉमन अ‍ॅप्लिकेशनवर विद्यार्थी आपला अर्ज भरतो, तेव्हा त्याच्या शाळेचा काउन्सेलर (विषय व कॉलेज निवडीत मार्गदर्शन करणारा) स्वतंत्रपणे एक वेगळा संच पाठवत असतो. त्यात स्कूल रिपोर्ट (काउन्सेलरने भरायचा फॉर्म), नववीपासूनची ट्रान्सक्रिप्ट (विषय व ग्रेडची नोंद), काउन्सेलरचे शिफारसपत्र आणि स्कूल प्रोफाइल असते. यातले स्कूल प्रोफाइल बहुतेक पालकांनी कधी पाहिलेलेच नसते. ते काही पानांचे पत्रक असते. शाळेत किती विद्यार्थी आहेत, एपी (कॉलेज पातळीचे, वेगळी परीक्षा असलेले), आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे) किंवा ऑनर्स (नेहमीच्या वर्गाहून कठीण) पातळीचे कोणते विषय शिकवले जातात, ग्रेड कशा दिल्या जातात, जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, कठीण विषयांना जादा भार दिला जातो का, वर्गातला क्रमांक कळवला जातो का, मागच्या तुकडीचे एसएटी (देशभर होणारी प्रवेशचाचणी) आणि एपीचे निकाल कसे होते आणि ती मुले पुढे कोणत्या कॉलेजांत गेली, असा मजकूर त्यात असतो. एका शाळेतला ४.३ जीपीए आणि दुसऱ्या शाळेतला ३.९ जीपीए यांत कोणता भारी, याचे उत्तर त्या आकड्यांत नसून या पत्रकात असते.

स्कूल रिपोर्टमध्ये काउन्सेलरला एका प्रश्नाचे उत्तर खूण करून द्यावे लागते: याच शाळेतल्या कॉलेजकडे जाणाऱ्या इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत या विद्यार्थ्याची विषयनिवड किती कठीण होती? उत्तरासाठी पाच पर्याय असतात आणि सर्वांत वरचा पर्याय म्हणजे ‘सर्वाधिक कठीण’. चार वर्षांच्या विषयनिवडीचा सारांश या एका खुणेत येतो. तिचा संदर्भ त्या शाळेपुरताच मर्यादित असतो, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. शेजारच्या गावातल्या शाळेत काय शिकवतात याच्याशी तिचा संबंध नसतो.

हे सारे वाचणारा माणूसही सहसा त्या भागाचा जाणकार असतो. अनेक निवडक खासगी कॉलेजांत प्रवेश अधिकाऱ्यांना प्रदेश वाटून दिलेले असतात आणि तोच अधिकारी आपल्या प्रदेशातल्या शाळांना भेटी देतो, काउन्सेलरांशी बोलतो, एका शाळेचे अनेक अर्ज वाचतो. अमुक शाळेत ‘ए’ मिळवणे किती अवघड आहे, याचा त्याला बऱ्यापैकी अंदाज असतो. अपरिचित शाळेतून अर्ज आला तर मात्र त्याची सारी भिस्त प्रोफाइलवर असते.

प्रोफाइल आठवीतच मिळवा आणि वाचा

बहुतेक सार्वजनिक शाळांचे प्रोफाइल काउन्सेलिंग विभागाच्या वेबपानावर असते. तिथे नसल्यास विभागाला पत्र लिहून मागावे. ते गोपनीय नसते. बारावीच्या सप्टेंबरमध्ये ते हाती आले तर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तोवर विषय निवडून झालेले असतात. नववीचे विषय ठरवण्यापूर्वी, म्हणजे आठवीच्या हिवाळ्यात, ते एकदा नीट वाचावे.

वाचताना पहिली गोष्ट पाहावी ती कठीण विषयांची संख्या आणि त्यांवरच्या अटी. ज्या शाळेत आठच एपी विषय आहेत तिथे सहा घेतलेल्या विद्यार्थ्याने जवळजवळ सारे ताट संपवले आहे. ज्या शाळेत अठ्ठावीस आहेत तिथले सहा तसे दिसत नाहीत, मग ते सहा कितीही चांगले असोत. म्हणून ‘किती एपी पुरेसे?’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. काही शाळा नववी-दहावीत एपी घेऊच देत नाहीत, काही वर्षाला ठरावीक संख्येपलीकडे जाऊ देत नाहीत. अशी मर्यादा प्रोफाइलमध्ये लिहिलेली असेल तर विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही. लिहिलेली नसेल, तर ती काउन्सेलरच्या पत्रात यावी अशी विनंती करावी. एपी नसणे हा आपोआप उणेपणा ठरत नाही, याचे उत्तम उदाहरण म्हणजे वॉशिंग्टन डीसी परिसरातल्या आठ खासगी शाळांनी २०१८ मध्ये एपी अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले, ही घटना. त्या शाळांतून निवडक कॉलेजांकडे जाणारा ओघ आपल्याकडे एपीची पाटी नाही म्हणून आटणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. अर्थात एवढा आत्मविश्वास परवडण्यासाठी आधीपासूनची ओळख लागते, आणि हा फायदा सर्व शाळांना सारखा मिळत नाही, हेही खरे.

गणिताच्या बाबतीत तर आठवीतही उशीर झालेला असू शकतो. बहुतेक शाळांत अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस हा क्रम असतो. जो विद्यार्थी अल्जिब्रा १ नववीत घेतो, त्याची बारावी प्रीकॅल्क्युलसवर संपते; आठवीत घेतो तो बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचतो. अभियांत्रिकी किंवा कॉम्प्युटर सायन्ससाठी निवडक कॉलेजांकडे अर्ज करायचा असेल तर हा फरक महागात पडतो, आणि तो सहावी-सातवीतल्या एका प्लेसमेंट चाचणीने पडलेला असतो. मागे पडलेले असल्यास एका वर्षी दोन गणिते एकत्र घेता येतात का किंवा उन्हाळ्यात एखादा टप्पा पुरा करता येतो का, हे शाळेला लगेच विचारावे. शाळेबाहेर केलेला कोर्स शाळा मान्य करील की नाही, हे मात्र तो सुरू करण्याआधी लेखी घ्यावे.

शाळेत हवा तो विषयच नसेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजमधला (दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजातला) वर्ग, राज्याची ऑनलाइन शाळा किंवा स्वतः अभ्यास करून दिलेली एपी परीक्षा हे मार्ग आहेत. शाळेत मिळणारा विषय टाळून तोच बाहेर घेणे मात्र संशयास्पद दिसते, म्हणून त्याला सबळ कारण असावे.

कॉलेजच्या बाजूने पडताळा घ्यायचा असेल तर ‘कॉमन डेटा सेट’ हे कोष्टक उपयोगी पडते. बहुसंख्य कॉलेजे ते दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी७ या भागात अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, जीपीए, वर्गातला क्रमांक, चाचणीचे गुण, निबंध, शिफारसपत्रे अशा प्रत्येक घटकाला ते कॉलेज किती महत्त्व देते, याची नोंद असते. ‘शाळेची प्रतिष्ठा’ असा रकाना त्यात नाही.

हुशारांच्या गर्दीतली शाळा

क्युपर्टिनोचे मोंटा व्हिस्टा, फ्रीमॉन्टचे मिशन सॅन होजे, न्यूयॉर्कचे स्टायव्हसंट, एडिसनचे जे. पी. स्टीव्हन्स अशी नावे आपल्या लोकांच्या ओठांवर असतात. अशा शाळांतून निवडक कॉलेजांत बरीच मुले जातात, पण त्याचे श्रेय शाळेचे की तिथे जाणाऱ्या मुलांचे, हा प्रश्न संशोधकांना पडला आणि त्यांनी तो चांगल्या रीतीने तपासला. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेशपरीक्षेच्या शाळांत कटऑफच्या जरा वर राहून प्रवेश मिळालेली मुले आणि जरा खाली राहून हुकलेली मुले यांची तुलना अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. सीमारेषेवरच्या या मुलांच्या पुढच्या परीक्षांतल्या गुणांत शाळेमुळे फारसा फरक पडलेला त्यांना दिसला नाही. डॉबी आणि फ्रायर यांनी न्यूयॉर्कच्या शाळांचा स्वतंत्र अभ्यास केला, त्यातही कॉलेजप्रवेशावर मोठा परिणाम आढळला नाही. थोडक्यात, जे मूल तिथे जेमतेम पोचते, त्याला शाळेचे नाव पुढे ओढून नेत नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे. एस्पनशेड आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या अभ्यासात असे दाखवले की, बाकी गोष्टी सारख्या असताना भोवती फार प्रबळ विद्यार्थी असलेल्या शाळेतल्या अर्जदाराची निवडक विद्यापीठातली शक्यता काहीशी घटते. त्या अभ्यासाच्या नावात डबक्यातल्या बेडकाची उपमा आहे. आपल्याला कूपमंडूक आठवेल, पण तिथे रोख बेडकाच्या अज्ञानावर नसून डबक्याच्या आकारावर आहे. हा परिणाम अस्तित्वात असला तरी तो लहान आहे, आणि मोठ्या डबक्यात मिळणारे शिक्षक, प्रयोगशाळा व सोबती यांची किंमत त्यात धरलेली नाही.

अशा शाळेत मूल असेल तर करण्यासारखे एक ठोस काम आहे. बहुतेक मोठ्या शाळा नॅव्हियन्स किंवा स्कॉयर यांसारखी प्रणाली वापरतात आणि तिच्यात आपल्याच शाळेतल्या मागच्या अर्जदारांचे जीपीए व चाचणीचे गुण एका आलेखावर ठिपक्यांनी दाखवलेले असतात: कोण स्वीकारला गेला, कोण नाकारला गेला. अकरावीच्या वसंतात हा आलेख पाहूनच कॉलेजांची यादी बनवावी. देशभरातल्या स्वीकृतीच्या टक्केवारीपेक्षा हे ठिपके कितीतरी खरे बोलतात. मात्र त्यांतले काही ठिपके प्रवेशात झुकते माप मिळालेल्या खेळाडूंचे किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे असतात आणि ते वेगळे दाखवलेले नसतात, हे ध्यानात ठेवून सर्वांत खालच्या स्वीकृत ठिपक्यावर आशा टांगू नये. वर्गातले दहा जण एकाच कॉलेजला अर्ज करत असतील तर घाबरण्याचे कारण नाही, पण त्या दहांत आपला अर्ज वेगळा कशाने दिसतो, हे मुलाला एका वाक्यात सांगता यायला हवे. तसे सांगता येत नसेल तर यादीत थोडी कमी गर्दीची नावे वाढवावीत.

जिथे हिशेब कायद्याने ठरतो

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः खासगी कॉलेजांना लागू आहे. काही राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांत शाळेतला क्रमांक थेट प्रवेश देतो, आणि तिथे गणित बदलते. टेक्सासमध्ये प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई करणाऱ्या १९९६ च्या हॉपवूड खटल्याच्या निकालानंतर १९९७ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या १० टक्क्यांतल्या विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठावर त्याचा ताण आल्यामुळे २००९ मध्ये त्याला मर्यादा घालण्यात आली. पुढे बरीच वर्षे तिथे पहिले ६ टक्के ही रेषा होती आणि २०२६ च्या शरद ऋतूतल्या प्रवेशापासून ती ५ टक्क्यांवर आली आहे. प्लेनो किंवा फ्रिस्कोसारख्या गावातल्या मोठ्या, चुरशीच्या शाळेत पहिल्या ५ टक्क्यांत येणे आणि लहान गावातल्या शाळेत येणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि काही कुटुंबांनी या कायद्यापायी कमी चुरशीची शाळा निवडल्याचे संशोधनातही नोंदले गेले आहे. पण हा आपोआप प्रवेश विद्यापीठापुरता असतो, हव्या त्या विषयापुरता नसतो. ऑस्टिनमध्ये कॉम्प्युटर सायन्स किंवा अभियांत्रिकी मिळण्यासाठी वेगळी निवड होते आणि तिथे विषयांची काठिण्यपातळी पुन्हा समोर येते. केवळ क्रमांकासाठी सोपी शाळा धरलेल्या मुलाची पंचाईत नेमकी इथेच होते.

कॅलिफोर्नियात प्रत्येक सहभागी हायस्कूलच्या पहिल्या ९ टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एखाद्या कॅम्पसमध्ये जागेची हमी असते, पण ती जिथे जागा शिल्लक असेल त्या कॅम्पसची असते. ज्यांना बर्कली आणि लॉस एंजेलिस हवे आहे, त्यांनी या हमीवर विसंबून राहू नये. ही विद्यापीठे एसएटी पाहत नाहीत, जीपीए दहावी-अकरावीच्या ठरावीक विषयांवरून स्वतः काढतात आणि जादा भार कमाल आठ सेमिस्टरपुरताच धरतात. त्यामुळे शाळेने छापलेला ४.७ जीपीए त्यांच्या पटावर वेगळाच दिसतो. तो आधी स्वतः काढून पाहावा.

खासगी शाळेचा फायदा नेमका कुठे असतो

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा कॉलेजांचा अभ्यास मांडला. चाचणीचे गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत १ टक्का कुटुंबांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे जातात, असे त्यांना आढळले. कारणे तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांकनातला वरचढपणा. हा तिसरा भाग महागड्या खासगी शाळांशी जोडलेला आहे. तिथल्या काउन्सेलरकडे मोजकी मुले असतात, त्यामुळे पत्र तपशीलवार आणि जिवंत लिहिले जाते. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशन एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी शिफारस करते, आणि देशाची सरासरी त्याहून बरीच जास्त आहे.

पैसे न मोजताही यातला बराच भाग भरून काढता येतो. मोठ्या सार्वजनिक शाळेत काउन्सेलर अकरावीच्या वसंतात विद्यार्थी आणि पालकांना एक माहितीचा फॉर्म देतो आणि त्यातूनच पत्र लिहितो. आपल्या घरांत हा फॉर्म रात्री अकरा वाजता, विशेषणे भरून पुरा केला जातो: मेहनती, नम्र, जबाबदार. अशा शब्दांतून काउन्सेलरला काही लिहिता येत नाही. आजी आजारी असताना धाकट्या भावाला रोज कोण शाळेत सोडत होते, रोबोटिक्सच्या चमूत मोटर जळाल्यावर कोणी काय केले, रसायनशास्त्रात ‘सी’ मिळाल्यावर पुढच्या सेमिस्टरमध्ये काय बदलले, असे प्रसंग तारखांसह लिहावेत. आणि मुलाने नववीपासून वर्षातून दोनदा तरी स्वतः जाऊन काउन्सेलरला भेटावे. पालकांनी नव्हे.

साधनांची वानवा असलेली शाळा

ज्या शाळेत एपी दोन-तीनच आहेत, सरासरी एसएटी कमी आहे आणि फारसे कोणी दूरच्या कॉलेजांत जात नाही, तिथल्या चांगल्या विद्यार्थ्याने स्वतःच्या गुणांची तुलना त्या कॉलेजच्या सरासरीशी करून माघार घेऊ नये. डार्टमथ या आयव्ही लीगमधल्या कॉलेजने फेब्रुवारी २०२४ मध्ये एसएटीसारखी चाचणी पुन्हा सक्तीची केली, तेव्हा दिलेले एक कारण हेच होते: गुण कळवणे ऐच्छिक असताना कमी साधनांच्या शाळांतली मुले असे गुण लपवत होती, जे त्यांच्या शाळेच्या संदर्भात वाचल्यावर उपकारक ठरले असते. एसएटी व एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने शाळा व वस्तीची माहिती कॉलेजांना पुरवणारे ‘लँडस्केप’ हे साधन २०२५ मध्ये बंद केले, त्यामुळे हा संदर्भ प्रोफाइलमधून आणि काउन्सेलरच्या पत्रातून पोचणे आता अधिक गरजेचे झाले आहे. वेळापत्रकात दोन विषय एकमेकांवर आले, भौतिकशास्त्राचे शिक्षक वर्षभर नव्हते, असे काही घडले असेल तर अर्जातल्या ‘अतिरिक्त माहिती’च्या जागेत ते चार कोरड्या वाक्यांत लिहावे.

महाराष्ट्रातून अर्ज करताना

पुणे-मुंबईच्या आयबी शाळांत काउन्सेलर असतो आणि प्रोफाइल तयार असते. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. अमेरिकन कॉलेजांना नववी ते बारावी अशा चारही वर्षांची नोंद लागते, आणि आपल्याकडे नववी-दहावी शाळेत व अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात झालेली असते. त्यामुळे दोन संस्थांकडून कागद गोळा करावे लागतात, आणि दहावी झाल्यावर शाळेकडे नववीचे गुणपत्रक मागायला गेलेल्यांना कपाट उघडेपर्यंत तीन खेपा पडतात. म्हणून नववीचे शिक्कामोर्तब झालेले गुणपत्रक शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबरच घ्यावे.

दुसरी अडचण त्याहून मोठी. क्लासशी जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात हजेरी नावापुरती असते आणि अंतर्गत परीक्षा कागदोपत्री. पण अर्जाची मुदत साधारण १ नोव्हेंबर किंवा १ जानेवारी असते, बारावीचा निकाल मेच्या सुमारास लागतो आणि कॉलेजांचे निर्णय मार्चअखेरपर्यंत आलेले असतात. म्हणजे अकरावीचे आणि बारावीच्या पहिल्या सत्राचे अंतर्गत गुण हाच मुख्य पुरावा. अमेरिकेचा विचार असेल तर ज्या कॉलेजात सत्र परीक्षा खरोखर होतात आणि शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, ते घ्यावे. काउन्सेलर नसल्यास प्राचार्य किंवा उपप्राचार्य स्कूल रिपोर्ट भरू शकतात. नातेवाइकांनी तो भरू नये. प्रोफाइल नसेल तर प्राचार्यांना एका पानाचा मसुदा तयार करून द्यावा आणि त्यात विद्यार्थीसंख्या, उपलब्ध शाखा व विषय, मंडळाच्या परीक्षेत मागच्या तुकडीचे किती टक्के विद्यार्थी किती गुणांच्या वर होते आणि ऑनर्स किंवा एपी अशी रचना राज्य मंडळात नसते, एवढी माहिती असावी. मंडळाच्या ८५ टक्क्यांचा अर्थ परदेशातल्या वाचकाला त्या तक्त्यावरूनच कळतो. हा मसुदा प्राचार्यांच्या हाती जूनमध्ये पडला पाहिजे, कारण ऑगस्टनंतर त्यांच्या टेबलावर प्रवेशप्रक्रियेची गठ्ठेच्या गठ्ठे कागदपत्रे असतात आणि संस्थेच्या अधिकृत ईमेलचा पासवर्ड ज्या कारकुनाला माहीत असतो तो दिवाळीत गावी गेलेला असतो.